वकिलीची उमेदवारी

कायद्याची पदवी हाती आली की मुलगा वकील झाला, अशी आपल्या लोकांची समजूत अजूनही आहे. पदवीचे पेढे वाटून होतात, निकालाचा कागद देवघराशेजारी चौकटीत लागतो, आणि मग महिन्या-दीड महिन्याने घरातील वडील माणूस हळूच विचारू लागतो, की आता पुढे काय? जळगाव, धुळे आणि नंदुरबार ह्या जिल्ह्यांतून सुरतेस येऊन उधना, लिंबायत, दिंडोली ह्या भागांत स्थिरावलेल्या ज्या कुटुंबांची पहिली पिढी मागावर उभी राहिली, त्यांच्या मुलांपैकी काही आता कायदा शिकत आहेत. अशा घरांतून हा प्रश्न आम्हांस पुन्हा पुन्हा विचारला जातो. इथल्या न्यायालयात एखाद्या वकीलसाहेबांकडे बिनपगारी बसावे? मुंबईस जाऊन सॉलिसिटरची आर्टिकल्स करावीत? की कोणी म्हणतो त्याप्रमाणे विलायतेची परीक्षा द्यावी? अलीकडे एका मुलीच्या वडिलांनी तर कागदावर तीन रकाने आखून आणले होते. मात्र खर्चाचा रकाना सोडला तर बाकीचे दोन कोरेच होते.

ते दोन रकाने भरण्याचा हा यत्न आहे. आरंभी ‘सॉलिसिटर’ ह्या शब्दाचा उलगडा केला पाहिजे, कारण त्याच्याभोवती वलय मोठे आणि माहिती थोडी, अशी स्थिती आहे. इंग्लंडात वकिलीचे काम दोघांत वाटलेले असे. अशिलाला भेटणे, त्याची हकीकत ऐकणे, कागद पाहणे, खते आणि करार लिहिणे, दाव्याची सिद्धता करणे हे सॉलिसिटरचे काम. वरिष्ठ न्यायालयात उभे राहून बोलणे हे बॅरिस्टरचे. हीच पद्धत मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जेथे मुंबई शहरातील मोठे दावे थेट दाखल होतात त्या शाखेला, लागू होती. तेथे सॉलिसिटरने सूचना दिल्याखेरीज कौन्सेल उभा राहत नसे. अपीलाच्या शाखेत मात्र हा दुपेडीपणा नव्हता. म्हणूनच १ मे १९६० पूर्वी सुरत मुंबई राज्यात असतानाही इथल्या जिल्हा न्यायालयाला सॉलिसिटर ठाऊक नव्हता. येथे वकील तोच अशील भेटणार, तोच कैफियत लिहिणार आणि तोच उलटतपासणी घेणार. पुढे १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हा भेद कायद्यातूनच काढून टाकला आणि १९७७ च्या आरंभापासून भारतात वकिलांचा एकच वर्ग उरला, तो म्हणजे ॲडव्होकेट.

मग आज मुंबईत सॉलिसिटर म्हणून पाटी लावणारे कोण? ज्यांनी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ह्या १८९४ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या नियमांनुसार एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षे आर्टिकल्ड क्लार्क म्हणून काढली आणि तिची परीक्षा दिली, ते हे लोक. ह्या पदवीने न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार तिळमात्रही मिळत नाही. तो अधिकार बार कौन्सिलच्या सनदेने येतो, आणि सॉलिसिटरलाही ती सनद घ्यावीच लागते. तरीदेखील मुंबईच्या पेढ्यांत तिची प्रतिष्ठा टिकून आहे. परीक्षा कठीण म्हणून ख्यात आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तीन वर्षे कोणाच्या तरी टेबलाशेजारी बसून केलेले काम तिच्यामागे उभे असते. ज्याला वाटते की सॉलिसिटर झाल्यावाचून मोठा वकील होता येत नाही, त्याची समजूत चुकीची आहे. तथापि ती तीन वर्षे फुकट गेली असे म्हणणाराही चुकतो.

उमेदवारीची ही कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडात १७२८ च्या कायद्याने ठरले, की ज्यास अटर्नी व्हावयाचे असेल त्याने पाच वर्षे करारबद्ध उमेदवारी केली पाहिजे. ह्या करारालाच ‘आर्टिकल्स’ म्हणत. उमेदवाराला वेतन मिळणे दूरच, उलट त्याच्या बापाने गुरूला मोठी रक्कम द्यावयाची आणि करारावर सरकारचा स्टँप भरावयाचा, अशी रीत होती. साहजिकच हा धंदा पैसेवाल्यांच्या मुलांसाठी राखीव झाला. त्याच कचेरीत, त्याच टेबलावर, त्याच दाव्यांचे कागद वर्षानुवर्षे उतरवून काढणारा गरीब कारकून मात्र कारकूनच राहत असे. चार्ल्स डिकन्स हा १८२७ साली अशाच एका कचेरीत पोरसवदा कारकून होता, आणि त्याच्या कादंबऱ्यांत वकिलांच्या धुळकट खोल्या इतक्या जिवंत का उतरल्या, ह्याचे कारण तेथे सापडते. १८२१ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डब्लिनच्या पदवीधरांसाठी उमेदवारी पाचावरून तीन वर्षांवर आणली गेली. ही सवलतही शिकलेल्या श्रीमंतांनाच पोहोचली. १८६० च्या कायद्याने मात्र एक वेगळे दार किलकिले झाले. ज्याने दहा वर्षे प्रामाणिकपणे कारकुनी केली असेल त्याला तीन वर्षांच्या आर्टिकल्सवर परीक्षेस बसता येऊ लागले. केलेले काम हीच पात्रता, हे तत्त्व तेव्हा कायद्याने प्रथम मान्य केले, असे आम्हांस वाटते.

आपल्या देशातील पहिल्या सॉलिसिटरचे नाव ह्या संदर्भात आठवते. खंबायतेच्या तय्यबजी घराण्यातील कमरुद्दीन हे १८५८ मध्ये इंग्लंडात सॉलिसिटर झालेले पहिले भारतीय होत. त्यांचे धाकटे बंधू बद्रुद्दीन पुढे बॅरिस्टर झाले आणि काँग्रेसचे अध्यक्षही. समुद्र ओलांडून, परक्या भाषेत, परक्यांच्या कचेरीत उमेदवारी करणारा हा गुजराती तरुण आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही.

परीक्षा उत्तीर्ण होणे आणि काम येणे ह्या दोहोंमध्ये किती अंतर असते, ह्याचा सर्वांत बोलका दाखला गांधीजींचा आहे. ते १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. त्या काळी बॅरिस्टर होण्यास कोणाच्या हाताखाली काम करण्याचे बंधन नव्हते. परीक्षा द्यावयाची आणि इनमध्ये ठरावीक भोजनांस हजर राहावयाचे, एवढ्यावर भागत असे. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात त्यांना ममीबाई नावाच्या बाईचा तीस रुपयांचा खटला मिळाला. उलटतपासणीस उभे राहिले तेव्हा डोके गरगरले, एक प्रश्न सुचेना, आणि खाली बसून त्यांनी काम दुसऱ्याकडे देण्यास सांगितले. हे सारे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांनी शाळेत इंग्रजी शिकविण्याच्या नोकरीसाठीही अर्ज केला, तर पदवीधर नसल्याने ती नाकारली गेली. मग राजकोटास जाऊन अर्ज आणि निवेदने लिहून देऊ लागले आणि त्यावर चरितार्थ चालू लागला.

खरी उमेदवारी पुढे घडली, आणि ती योगायोगाने. १८९३ साली दादा अब्दुल्ला ह्यांच्या पेढीचे काम घेऊन ते दक्षिण आफ्रिकेस गेले. दावा चाळीस हजार पौंडांचा, आणि सारा हिशेबाच्या वह्यांवर उभा. ह्या तरुण बॅरिस्टराला जमाखर्च कळत नव्हता, म्हणून पुस्तक आणून तो शिकला. प्रिटोरियात पेढीच्या अटर्नीसाठी हकीकत तयार करणे, कागद लावणे, पुरावा तपासणे, गुजराती पत्रव्यवहाराचे भाषांतर करणे, ही कामे त्यांनी वर्षभर केली. नवशिका बॅरिस्टर थोरल्या बॅरिस्टरच्या चेंबरात जे शिकतो ते आपण तेथे शिकलो, अशी त्यांची स्वतःची साक्ष आहे. वास्तविक पाहता ते काम सॉलिसिटरच्या कारकुनाचे होते. पण त्यातून जो माणूस बाहेर आला त्याला दावा आतून दिसू लागला होता, आणि अखेरीस दोन्ही पक्षांना लवादाकडे नेऊन त्याने तो मिटविला.

पुढे १९०३ मध्ये गांधीजी ट्रान्सव्हालमध्ये अटर्नी म्हणून नोंदले गेले आणि जोहान्सबर्गला स्वतः उमेदवार घेऊ लागले. वृत्तपत्रात काम करणारे हेन्री पोलॉक त्यांच्याकडे आर्टिकल्ड क्लार्क झाले आणि १९०८ मध्ये अटर्नी बनले. पत्रकाराला वकील करण्याचे धाडस ज्या माणसाने केले, त्याने आपल्या कचेरीतील सोन्जा श्लेसिन ह्या तरुणीसाठीही तोच प्रयत्न केला. टंकलेखनापासून हिशेबापर्यंत कचेरीचा सारा भार ती वाहत होती. १९०९ मध्ये तिची आर्टिकल्स नोंदवून घ्यावीत असा अर्ज गेला. तेथील लॉ सोसायटीने तो फेटाळला. कारण एवढेच, की स्त्रीला आर्टिकल्स देण्याचा पूर्वी प्रघात नव्हता.

मुली ज्यांच्या घरात आहेत त्यांनी येथे थोडे थांबावे, म्हणून आणखी एक उदाहरण सांगतो. नाशिक येथे १८६६ साली एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या, काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकविल्या आणि ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये त्यांनी तेथील बी. सी. एल. ची परीक्षा दिली. पदवी मात्र तीस वर्षांनी मिळाली, कारण त्या काळी त्या विद्यापीठात स्त्रियांना पदवीच दिली जात नव्हती. परीक्षेनंतर त्यांनी लंडनला लिंकन्स इन फील्ड्स येथील ली अँड पेंबर्टन ह्या सॉलिसिटरांच्या कचेरीत काम शिकून घेतले. मायदेशी आल्यावर मुंबई विद्यापीठाची एल्‌एल्. बी. झाली, १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची प्लीडरची परीक्षाही झाली. तरी सनद नाही. ज्ञान आहे, अनुभव आहे, परीक्षा आहेत, परंतु दार बंद! अशा वेळी त्यांनी वेगळी वाट धरली. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सेवेत राहून पडद्यातील विधवा आणि अज्ञान वारसांच्या इस्टेटींचे काम त्यांनी सुमारे अठरा वर्षे पाहिले. पुरुष वकिलाला ज्या माजघरात पाऊल टाकता येत नव्हते तेथे जाऊन त्यांनी खतांवर अंगठे घेण्याआधी त्यांतील मजकूर बायकांना समजावून दिला. अलाहाबादने त्यांचे नाव १९२१ मध्ये नोंदविले, आणि साऱ्या देशातील स्त्रियांसाठी कायदा झाला तो १९२३ मध्ये. आज असे दार बंद नाही. ज्या बापाने मुलीच्या नावापुढचा रकाना कोरा ठेवला असेल, त्याने तो मुलाच्या रकान्याच्याच शाईने भरावा.

आता आजच्या भारतातील नियम. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये मुळात शिक्षण आणि परीक्षा अशी अट होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती गळाली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ साली पुन्हा एक वर्षाच्या उमेदवारीचे नियम केले, तर सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये, व्ही. सुदीर ह्यांच्या खटल्यात, कौन्सिलला तसा अधिकारच नाही म्हणून ते रद्द केले. तेव्हापासून आपल्याकडे पदवी आणि सनद ह्यांच्या मध्ये सक्तीची उमेदवारी नाही. पदवीच्या काळात मात्र २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास किमान वीस आठवडे इंटर्नशिप करावी लागते, आणि एका वर्षात ती सलग चार आठवड्यांहून अधिक चालत नाही. सनदेनंतर अखिल भारतीय बार परीक्षा आहे. ती शंभर पर्यायी प्रश्नांची असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने ती वैध ठरविली. ही परीक्षा वाईट नाही, पण अशिलाच्या डोळ्यांत पाहून त्याची अर्धी गोष्ट खोटी आहे हे ओळखावे कसे, ते तिच्यात विचारता येत नाही. चार्टर्ड अकाउंटंटांना तीन वर्षांची आर्टिकलशिप असे, ती २०२३ पासून दोन वर्षांची झाली, पण संपूर्ण रद्द करावी असे कोणी म्हटले नाही. आम्हा धर्मगुरूंनाही सेमिनरीची वर्षे संपल्यावर डीकन म्हणून काही काळ दुसऱ्याच्या हाताखाली काढावा लागतो. वकिली हा एकच जबाबदारीचा पेशा असा, की ज्यात सनद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी माणसाला एकट्याने दुसऱ्याच्या घरादाराचा दावा चालविता येतो.

म्हणून प्रश्न असा उरतो, की जी उमेदवारी कायदा मागत नाही ती स्वतःहून कोठे करावी.

सुरतेचा मार्ग आधी घेऊ. इथले जिल्हा न्यायालय अठवा लाइन्सला आहे आणि त्याला कामाची वाण नाही. रिंग रोडच्या कापडबाजारातून माल उधारीवर देशभर जातो आणि त्याचे न वटलेले चेक इथे परत येतात. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खालच्या फिर्यादी हे नवशिक्या वकिलाचे पाटीपेन्सिलच होय. भागीदारीचे तंटे, घराच्या ताब्याचे दावे, अपघाताची भरपाई, कारखान्यातील कामगारांचे खटले हेही असतात. जो तरुण रोज सकाळी तारखांची वही घेऊन चार न्यायालयांत धावतो, मुदत मागतो, समन्सच्या बजावणीसाठी बेलीफाचा पाठपुरावा करतो आणि संध्याकाळी साहेबांसाठी साक्षीदाराची टिपणे काढतो, तो वर्षभरात जे शिकतो ते मुंबईच्या वातानुकूलित कचेरीत तीन वर्षांतही शिकत नाही. एक अडचण मात्र मराठी घरांनी ध्यानी घ्यावी. गुजरातच्या खालच्या न्यायालयांची भाषा गुजराती आहे. आपली मुले गुजराती बोलतात, पण कैफियत आणि प्रतिज्ञापत्र लिहिण्याइतकी गुजराती लेखणी ज्यांच्या हाती नाही त्यांनी ती आधी कमवावी. व्ही. टी. चोक्सी सार्वजनिक लॉ कॉलेजात शिकलेल्या मुलांना हे सांगावे लागत नाही, पण इंग्रजी माध्यमातून बाहेरगावी पदवी घेऊन आलेल्यांना सांगावे लागते.

दुसरी अडचण पोटाची. ज्युनियरला काही द्यावयाचे नाही, उलट त्यालाच शिकावयास मिळते हा उपकार, अशी समजूत वकिलांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ह्यात इंग्लंडच्या त्या जुन्या रकमेचीच छाया आहे, ज्यात बापाने गुरूला पैसे द्यावयाचे. श्रीमंत वकिलाच्या मुलाला हे परवडते. मागावर बारा तास उभे राहून ज्याने मुलाला शिकविले त्याला ते परवडत नाही, आणि मग ते पोर दोन वर्षांत वकिली सोडून विम्याच्या कचेरीत जाऊन बसते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागात ज्युनियरला दरमहा किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस ही सक्ती नव्हे. पण तिचा कागद दाखवून विनयपूर्वक विचारण्यास कोणाची हरकत नसावी, आणि जो वरिष्ठ ह्या प्रश्नावर रागावेल त्याच्याकडे न गेलेलेच बरे. सनदेच्या फीबाबतही सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे, की कायद्यात आहे तेवढीच, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारास साडेसातशे रुपये आणि अनुसूचित जातिजमातींच्या उमेदवारास एकशेपंचवीस रुपये, ह्याहून अधिक नोंदणी फी राज्य बार कौन्सिलांना घेता येत नाही. त्याआधी कित्येक राज्यांत हा आकडा हजारांत गेला होता.

मुंबईचा मार्ग वेगळ्या धर्तीचा. सुरतेहून मुंबई सेंट्रल सुमारे २६० किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस दुपारपूर्वी पोहोचतो. तेथे आर्टिकल्ड क्लार्क खरेदीखते, गहाणखते, भागीदारीचे करार, मृत्युपत्रे आणि प्रोबेटची कामे शिकतो. मालकीहक्काचा तपास, म्हणजे तीस-चाळीस वर्षांचे दस्तऐवज उलगडून जमीन कोणाकडून कोणाकडे आली हे पाहणे, ह्यात सॉलिसिटरच्या शिष्याचा हात कोणी धरू शकत नाही. सुरतेस परत यावयाचे असेल तर हे ज्ञान सोन्याच्या मोलाचे आहे. पण मुंबईत राहण्याजेवणाचा खर्च सोसून, अल्प विद्यावेतनावर तीन वर्षे काढावी लागतात, आणि परीक्षा एका दमात होईलच असे नाही. ज्या घरात दुसरे कोणी कमावते आहे, ज्याचा नातेवाईक डोंबिवलीस किंवा वसईस खोली घेऊन राहिलेला आहे, त्याने हा मार्ग अवश्य विचारात घ्यावा. कर्ज काढून मात्र घेऊ नये. सोसायटीचे चालू नियम लेखी मागवावेत आणि करारावर सही करण्यापूर्वी ज्या सॉलिसिटरकडे बसावयाचे, त्यांच्याकडे खतलेखनाचे काम खरोखर येते काय हे विचारून घ्यावे. नुसत्या निरोप्याचे आणि झेरॉक्सचे काम तीन वर्षे करून ‘आर्टिकल्स झाली’ म्हणणारेही असतात.

विलायतेबद्दल अलीकडे पुष्कळ बोलले जाते, आणि त्याला कारण आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ पासून जुनी ट्रेनिंग काँट्रॅक्टची सक्ती गेली. पूर्वी एका मान्य पेढीने दोन वर्षांसाठी निवडल्याखेरीज पदवीधर पुढे सरकत नसे, आणि जागा थोड्या असल्याने हजारो मुले पॅरालीगल म्हणून कारकुनी करीत दाराशी ताटकळत. आता सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन ही दोन भागांची परीक्षा आणि दोन वर्षांचा पात्र कार्यानुभव अशी योजना आहे. हा अनुभव जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून पुरा करता येतो. पॅरालीगलची नोकरी, गरिबांसाठीचे मोफत सल्लाकेंद्र, विद्यापीठाचे लॉ क्लिनिक ह्या साऱ्यांतील काम त्यात धरले जाते. ते परदेशात केलेले असले तरी चालते. १८६० साली दहा वर्षांच्या कारकुनाला जे दार किलकिले झाले ते आता बरेच उघडले, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्याकडे १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांत मोफत सल्ला दिला जातो आणि पॅरालीगल स्वयंसेवकही काम करतात. त्यांच्या त्या तासांना सनदेच्या दृष्टीने काही मोल असावे, असा विचार कोणी तरी करावा.

तथापि सुरतेत बसून हा अनुभव मोजून घ्यावयाचा तर मेख अशी, की तो इंग्लंडच्या सॉलिसिटरने किंवा तेथील पेढीच्या नियमपालन अधिकाऱ्याने प्रमाणित करावा लागतो. असा माणूस अठवा लाइन्सला कोठे शोधावयाचा? गंमत म्हणजे ह्यावरचा तोडगा इथल्याच वाटेने जातो. जो आधीच आपल्या देशात सनदी वकील आहे त्याला त्या दोन वर्षांच्या अनुभवाची अट लागू होत नाही. त्याने परीक्षा दिल्या म्हणजे झाले. पहिल्या भागात ३६० पर्यायी प्रश्न, दुसऱ्यात लेखी आणि तोंडी मिळून सोळा कसोट्या, आणि तोंडी भाग इंग्लंड-वेल्समध्ये जाऊनच द्यावयाचा. दोन्ही भागांची फी साडेचार हजार पौंडांच्या वर आहे, म्हणजे प्रवास आणि शिकवणी सोडून पाच लाख रुपयांच्या घरात. नोव्हेंबर २०२१ च्या पहिल्या बैठकीत पहिल्या भागात शंभरांपैकी त्रेपन्न उत्तीर्ण झाले होते, हे ध्यानात असावे. शिवाय हा किताब घेऊन सुरतेच्या न्यायालयात काडीचाही उपयोग नाही. ज्याला तिकडेच स्थायिक व्हावयाचे आहे, किंवा परदेशी व्यापारी कंपनीच्या करारांचे काम करावयाचे आहे, त्याच्यापुरता तो अर्थपूर्ण आहे. तरी ज्याच्या मनात विलायत आहे त्यानेही प्रथम येथे सनद घ्यावी, असेच आम्ही सांगू. त्यात त्याची दोन वर्षे वाचतात.

चौथी एक वाट कोणी विचारीत नाही, पण बहुतेक मुले अखेरीस तीच धरतात. ती म्हणजे एखाद्या कापडगिरणीच्या, हिऱ्याच्या पेढीच्या किंवा बँकेच्या कायदा विभागात नोकरी. पगार पहिल्या तारखेस येतो, घराला आधार होतो, आणि ह्यात कमीपणा कसलाही नाही. फक्त एवढे माहीत असावे, की बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. सनद असल्यास ती स्थगित ठेवावी लागते. नोकरी करता करता कोर्टाचीही सवय ठेवू, असे मनात धरून जे जातात त्यांची निराशा होते. ह्या कारणास्तव आम्ही असे सुचवितो, की घरची ओढग्रस्ती फारच नसेल तर पहिली दोन वर्षे कोर्टात काढावीत आणि नोकरीचा विचार मग करावा. कोर्टातून कचेरीत जाणे सोपे आहे. तिशीनंतर कचेरीतून कोर्टात येणे फार थोड्यांस जमते.

न्यायाधीशाच्या परीक्षेकडे डोळे लावून बसलेल्यांसाठी तर हा प्रश्न आता मिटल्यासारखाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, ह्या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. पदवीनंतर खोलीचे दार लावून शिकवणी वर्गाच्या टिपणांवर परीक्षा देण्याचा काळ संपला. ही तीन वर्षे तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून धरली जातात आणि न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेले कामही त्यांत मोजले जाते. मात्र अनुभवाचा दाखला त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा हवा, किंवा निदान दहा वर्षे वकिली केलेल्या ॲडव्होकेटचा, आणि त्यावर त्या अधिकाऱ्याची मान्यता. म्हणजे नावाला कोणाच्या तरी चेंबरात पाटी लावून घरी अभ्यास करणाऱ्याचे पुढे अडेल. ज्याच्याकडे उमेदवारीस बसावयाचे ते वकील दहा वर्षांहून जुने आहेत काय, हे पहिल्या दिवशीच पाहून घ्यावे. पहिल्या दिवसापासून एक वही घालावी. तीत तारीख, न्यायालय, दाव्याचा क्रमांक आणि आपण स्वतः काय केले ते लिहीत जावे. गुजरात बार कौन्सिलची नोंदणी पुढे महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलकडे नेता येते, आणि कायद्याच्या कलम १८ प्रमाणे त्या बदलीस फी पडत नाही. तेव्हा आज सुरतेत सुरुवात केली तर उद्या मुंबईचा मार्ग बंद होईल, ही भीती ज्या वडिलांनी तीन रकान्यांखाली लाल शाईने लिहिली होती, ती त्यांनी खोडून टाकण्यास हरकत नाही.